रेडिएटर कॅप काढायचं ॲडजस्टेबल टूल: डिझाइन कसं करायचं आणि कुठे थांबायचं?

घाट चढून आल्यावर रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी असलेली गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. इंजिन हीट झालंय, मागून हॉर्न वाजतायत, घरच्यांना पोहोचायची घाई आहे. मग कुणीतरी फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालतं. झाकण हलत नाही. "पक्कड आण रे!" असा आवाज येतो. अपघात होतो तो इथेच.

हे झाकण काढायला हाताचं एक साधं, वेगवेगळ्या मापांना बसणारं टूल बनवता येईल का? येईल, आणि फार अवघडही नाही. इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टला किंवा थ्रीडी प्रिंटर घरी असलेल्यांना हा विषय मस्त आहे. पण यात एक गोम आहे. बहुतेक टूल्सचं काम असतं अवघड गोष्ट सोपी करणं. रेडिएटरचं झाकण मात्र काही वेळा मुद्दामच अवघड ठेवलेलं असतं. म्हणून या लेखात डिझाइन कसं करायचं हे तर बघूच, पण टूलने काय करू नये हेही बघू.

थोडक्यात

- रेडिएटर कॅप हे नुसतं झाकण नाही, तो प्रेशर व्हॉल्व्ह आहे.
- बहुतेक धातूची झाकणं दोन टप्प्यांत उघडतात. पहिल्या टप्प्यात प्रेशर निघून जातं, दुसऱ्या टप्प्यात झाकण हातात येतं.
- चांगलं टूल फक्त पहिल्या टप्प्याला मदत करतं. दुसरा टप्पा हातानेच करायचा.
- टूल हातात आहे म्हणून गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही. टूल असलं तरी थांबावं लागतंच.

झाकणाच्या आत काय असतं?

साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. इंजिनातलं कूलंट नेहमीच्या चालण्यातही ९०-१०० अंशांच्या आसपास असतं. घाटात, ट्रॅफिकमध्ये, एसी चालू असताना ते आणखी तापतं. मग ते उकळत का नाही? कारण सिस्टिम बंद असते आणि आत प्रेशर तयार होतं. प्रेशर वाढलं की उकळण्याचं तापमानही वाढतं. घरच्या कुकरचं तत्त्व तेच.

किती प्रेशर होऊ द्यायचं ते झाकण ठरवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. काही झाकणांवर तोच आकडा ८८ किंवा १०८ किलोपास्कल असा दिसतो. ०.९ बारच्या जास्तीच्या प्रेशरला साधं पाणी साधारण ११९ अंशांना उकळतं, १.१ ला साधारण १२२ अंशांना. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, त्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी वर जाते.

झाकण उलटं करून बघितलंत तर हे भाग दिसतील:

- मोठी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला रबरी सील. प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की स्प्रिंग दबते आणि जादा कूलंट बारीक पाइपमधून बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत जातं.
- मधोमध छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह. इंजिन थंड झालं की कूलंट आकसतं, तेव्हा हा उघडतो आणि टाकीतलं कूलंट परत आत येतं.
- वरच्या बाजूला आणखी एक सील. कूलंट झाकणाच्या कडेने बाहेर न येता पाइपकडेच जावं म्हणून.
- कडेला आत वळलेल्या दोन जिभा. या रेडिएटरच्या तोंडावरच्या उतरत्या कडेखाली अडकतात.

झाकण उलट्या दिशेने साधारण पाव वळसा फिरवलं की जिभा एका खाचेपाशी अडतात. हा पहिला थांबा. इथे मोठं सील थोडं वर उचललेलं असतं, पण झाकण अजून तोंडाला अडकलेलं असतं. आतलं प्रेशर "फुस्स" आवाज करत पाइपवाटे टाकीत जातं. आवाज बंद झाल्यावर झाकण खाली दाबून पुन्हा फिरवायचं, मग ते सुटतं.

फोनमधला फोटो डिलीट करताना "नक्की डिलीट करायचा?" असा प्रश्न येतो ना? पहिला थांबा म्हणजे तसाच प्रश्न आहे. आणि जास्त ताकदीचं टूल म्हणजे तो प्रश्न वाचायच्या आत "हो" दाबून टाकणारी स्क्रिप्ट.

एका लिटरमधून ४७ लिटर

गरम असताना झाकण एकदम निघालं तर नक्की काय होतं? एक छोटा हिशेब करू.

समजा आत १ किलो, म्हणजे साधारण १ लिटर पाणी ११५ अंशांवर आहे. झाकण निघालं, प्रेशर गेलं. आता हे पाणी १०० अंशांपेक्षा जास्त गरम राहूच शकत नाही. वरच्या १५ अंशांची उष्णता साधारण ६३ किलोज्यूल होते (४.२ गुणिले १५). १ किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे फक्त २.८ टक्के पाण्याची, साधारण २८ ग्रॅमची, वाफ होईल.

२८ ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण १०० अंशांवर १ ग्रॅम वाफ साधारण १.६७ लिटर जागा व्यापते. म्हणजे क्षणात जवळपास ४७ लिटर वाफ तयार होते, आणि बाहेर पडायला वाट एकच: जिथे तुमचा हात आहे ती. जाताना ती उकळतं पाणीही सोबत उडवते.

६० अंशांचं पाणी अंगावर साधारण ५ सेकंद राहिलं तरी मोठ्या माणसाची त्वचा गंभीर भाजू शकते. इथे पाणी १०० अंशांचं असतं, आणि आपण वाकून बघत असतो म्हणून चेहरा वर असतो. एवढ्या वेळात हात मागे घ्यायला कुणालाच जमत नाही.

झाकण अडकतं तरी का?

कारणं वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

१. सील चिकटणं. रबर जुनं झालं की धातूला चिकटून बसतं.
२. क्षार आणि गंज. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं की तोंडाशी पांढरा थर जमतो.
३. व्हॅक्यूम. छोटा व्हॉल्व्ह अडकला तर थंड झाल्यावर आत ओढ तयार होते. रेडिएटरचा रबरी पाइप चपटा झालेला दिसतो.
४. पकड न मिळणं. झाकणावर तेलकट थर, बोटं घालायला कमी जागा किंवा हातात ताकद कमी.
५. आत प्रेशर असणं. इथे टूल नको, वेळ हवा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. झाकण किती घट्ट लागतंय यावरून आत प्रेशर आहे की नाही हे ओळखता येत नाही. समजा सीलचा व्यास ३० मिलिमीटर आहे. ०.९ बारला अडवून धरायचं तर स्प्रिंगने साधारण ६४ न्यूटन, म्हणजे साडेसहा किलोचा जोर लावायला हवा. हा जोर स्प्रिंग थंड इंजिनातही लावूनच असते. म्हणजे थंड झाकण घट्ट लागू शकतं आणि प्रेशर असलेलं झाकण सहज फिरू शकतं. "फिरतंय ना, म्हणजे प्रेशर नसेल" हा अंदाज फार महागात पडतो.

डिझाइनच्या अटी लिहून काढू

कोड लिहिण्याआधी रिक्वायरमेंट लिहितात, तसंच इथेही करू.

टूलने काय करावं:

- ४० ते ८० मिलिमीटर व्यासाची झाकणं धरावीत. ही रेंज मी डिझाइनसाठी धरली आहे. तुमच्या आसपासच्या गाड्यांची झाकणं मोजून ती बदला.
- दोन कान असलेली धातूची झाकणं आणि कडेला रेघा असलेली गोल प्लास्टिकची झाकणं, दोन्ही धरावीत.
- हात झाकणापासून लांब ठेवावा.
- एका हाताने, बोनेटखालच्या अडचणीच्या जागेत वापरता यावं.

टूलने काय करू नये:

- झाकण खाली दाबू नये.
- रेडिएटरचं तोंड वाकेल किंवा तडकेल इतका जोर लावू देऊ नये. आजच्या अनेक रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात.
- झाकणाची कड किंवा रेघा चेपू नये.

दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची. दोन्हींत भांडण झालं तर दुसरी जिंकते.

पकड कशी घ्यायची? तीन पर्याय

१. सरकणारे दोन जबडे. स्क्रू पान्यासारखी रचना. स्वीडनच्या योहान पेटर योहानसन यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या ॲडजस्टेबल पान्याचं तत्त्व आजही तसंच आहे: अंगठ्याने चाक फिरवा, जबडा सरकतो. मजबूत आणि सरळ. पण गोल झाकणाला जबडे दोनच ठिकाणी टेकतात, सगळा जोर तिथे एकवटतो आणि प्लास्टिकच्या रेघा तुटतात.

२. तीन बोटांचा पंजा. ऑइल फिल्टर काढायला असा पाना मिळतो. फिरवला की आतल्या गिअरमुळे तिन्ही बोटं आवळतात. पकड छान मिळते, पण तो झाकणाच्या वरून बसवावा लागतो. म्हणजे हात थेट झाकणावर येतो आणि नकळत खाली दाबही पडतो. आपल्या यादीतल्या दोन अटी इथेच मोडतात.

३. पट्टा. झाकणाभोवती पट्टा गुंडाळायचा, हँडल ओढलं की तो आणखी आवळतो. जोर सगळ्या कडेवर पसरतो, माप आपोआप जुळतं, आणि ओढ आडवी असल्यामुळे खाली दाब पडत नाही. फिरवायचं असतं ते एकाच दिशेने, त्यामुळे एकाच दिशेला चालणं हा इथे दोष नाही.

माझं मत पट्ट्याला. पुढचं डिझाइन त्याचंच.

पट्टा किती लांब, किती मजबूत?

लांबी सोपी आहे. परिघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. ४० मिलिमीटरच्या झाकणाला १२६ आणि ८० मिलिमीटरच्या झाकणाला २५१ मिलिमीटर. म्हणजे पट्टा साधारण १२५ मिलिमीटर मागे-पुढे सरकायला हवा. धरायला शेपूट सोडून एकूण ३५० मिलिमीटर पुरेल. रुंदी १५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, कारण झाकणाची कड फार उंच नसते. पट्ट्याचं एक टोक हँडलच्या डोक्यात पिनने पक्कं करायचं, दुसरं फटीतून काढून दाबाच्या खटक्याने अडकवायचं. बॅगेच्या बेल्टला असतो तसा खटका चालेल.

आता पकड. दोरी खांबाला गुंडाळली की एका हाताने मोठा जोर अडवता येतो, हे बैल बांधणाऱ्यालाही माहीत असतं आणि होडी बांधणाऱ्यालाही. त्याचं गणित असं: पट्ट्याच्या घट्ट बाजूचा ताण आणि सैल बाजूचा ताण यांचं गुणोत्तर घर्षण आणि गुंडाळलेला कोन यांच्यावर घातांकी पद्धतीने वाढतं.

पाऊण वेढा गुंडाळला असेल तर:

- कोरडं रबर, घर्षणांक ०.४ धरला: गुणोत्तर साधारण ६.६
- कूलंट लागलेलं ओलं रबर, घर्षणांक ०.२ धरला: गुणोत्तर साधारण २.६

म्हणजे घर्षण निम्मं झालं तर पकड निम्म्याहूनही खाली जाते. वापरण्याआधी झाकण आणि पट्टा पुसून घ्या, हा सल्ला त्यामुळेच आहे. कानवाल्या झाकणावर पट्टा कानांवर अडतो, म्हणून तिथे घसरण्याची भीती कमी.

समजा झाकण ६० मिलिमीटरचं आहे आणि ७.५ न्यूटन-मीटर टॉर्क हवा आहे. टॉर्क म्हणजे जोर गुणिले मध्यापासूनचं अंतर. कडेवर २५० न्यूटन लागतील. कोरड्या पट्ट्याच्या घट्ट बाजूला साधारण ३०० न्यूटन ताण येईल, ओल्याला साधारण ४१० न्यूटन. तिप्पट सुरक्षितता धरली तर पट्टा, पिन आणि खटका १२०० न्यूटनपेक्षा जास्त, म्हणजे सव्वाशे किलो ओढ सहन करणारे हवेत. पहिला प्रोटोटाइप बहुतेक वेळा पिनपाशीच तुटतो, तेव्हा तिथे कंजुषी नको.

हँडल लांब की आखूड?

नुसत्या बोटांनी कडेवर एकूण ७० न्यूटन जोर लावला तर ६० मिलिमीटरच्या झाकणावर २.१ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. १५० मिलिमीटरच्या हँडलवर फक्त ५० न्यूटन, म्हणजे ५ किलोची ओढ दिली तरी ७.५ न्यूटन-मीटर मिळतो. साडेतीनपट फायदा, तोही कमी ताकदीत.

मग हँडल ३०० मिलिमीटरचं का करू नये? कारण तेवढ्याच ओढीत टॉर्क १५ होईल, आणि घाबरलेला माणूस ५ किलोवर थांबत नाही. झाकण सुटलं नाही तर तोंड तडकेल. किंवा झाकण एकदम सुटून जोरात फिरेल. आणखी एक तोटा: एका बाजूने ओढल्यावर जेवढी ओढ, तेवढाच आडवा जोर रेडिएटरच्या तोंडावर येतो. प्लास्टिकच्या टाकीला तो नको असतो.

पण हात लांब राहायला तर हवा! यावर तोडगा असा: हँडल लांब ठेवा, पण टॉर्कला मर्यादा घाला. डोकं आणि हँडल यांच्यामध्ये स्प्रिंगने दाबलेली गोळी ठेवली की ठरलेल्या जोराला "टक्" आवाज होऊन हँडल मोकळं फिरतं. मर्यादा ८ न्यूटन-मीटरपासून सुरू करा आणि भंगारातल्या रेडिएटरवर मोजून बदला. "टक्" झालं की अर्थ एकच: आता ताकद लावायची नाही, कारण शोधायचं.

पहिल्या थांब्यावर टूल काढा

पूर्ण डिझाइनमधला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे. अनेकांना वाटेल, टूलच्या मधोमध तळव्याने दाबायला एक गोल बटण द्यावं, म्हणजे दोन्ही टप्पे एकाच टूलने होतील. डेमोला ते भारी दिसेल. पण तसं केलं की पहिला थांबा निरुपयोगी होतो. माणूस दाबत दाबतच फिरवणार आणि प्रेशर जायच्या आत झाकण सुटणार.

पट्ट्याच्या टूलला खाली दाबताच येत नाही. पहिल्या थांब्याला ते आपोआप अडतं. तिथे टूल काढून ठेवायचं आणि "फुस्स" थांबेपर्यंत वाट बघायची. प्रेशर पूर्ण गेलं की दुसरा टप्पा जाड फडकं ठेवून हाताने होतो. हाताने होत नसेल तर काहीतरी अडकलंय असं समजून गॅरेज गाठायचं. बारीक पाइपच तुंबला असेल तर पहिल्या थांब्याला प्रेशर बाहेर जात नाही. म्हणून इंजिन थंड असणं ही अट टूलनेही सुटत नाही.

बाजारात दुसऱ्या बाजूनेही हा प्रश्न सोडवलेला दिसतो. काही झाकणांवर छोटा लिव्हर असतो, तो उचलला की फिरवायच्या आधीच प्रेशर निघून जातं.

प्लास्टिकच्या आट्यांच्या झाकणांना मात्र अशी खाच नसते. बऱ्याच गाड्यांमध्ये प्रेशरची टाकी वेगळी असते आणि तिला बाटलीसारखं फिरवायचं झाकण असतं. तिथे पट्ट्याने फक्त पहिला चिकटा सोडवायचा, आवाज आला की थांबायचं.

कशापासून बनवायचं?

- पट्टा: ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉन, आत कापडाचा थर. ईपीडीएम कूलंट आणि उष्णता छान सहन करतं, रेडिएटरचे पाइपही त्याचेच असतात. तेल लागलं तर मात्र ते फुगतं.
- डोकं आणि पिन: जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद.
- हँडलची मूठ: नायलॉन. पोलादापेक्षा ते उष्णता फारच कमी वाहून नेतं.
- पंजासमोर आडवी चकती: वाफ आली तर हातावर थेट येऊ नये म्हणून.

थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी खास सूचना: पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं, पीईटीजी ८० अंशांच्या आसपास, एबीएस १०० अंशांच्या आसपास. उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली पीएलएचं टूल ठेवलं तर ते वाकडं होऊन बाहेर येईल. पीएलए फक्त माप तपासायच्या पहिल्या मॉडेलला वापरा.

चाचणी कशी घ्यायची?

गॅरेजमधून किंवा भंगारवाल्याकडून जुना रेडिएटर झाकणासकट आणा. सगळ्या चाचण्या त्यावर, थंड आणि रिकाम्या अवस्थेत.

१. बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा हँडलच्या टोकाला अडकवा आणि काटकोनात ओढा. काट्यावरचे किलो गुणिले ९.८ गुणिले हँडलची लांबी मीटरमध्ये, म्हणजे टॉर्क. १५० मिलिमीटरवर ३ किलो म्हणजे ४.४ न्यूटन-मीटर.
२. कोरडं, ओलं आणि तेलकट, तिन्ही अवस्थांत पट्टा घसरतो का बघा.
३. प्रत्येक वेळी झाकण पहिल्या थांब्याला थांबतं का? २० पैकी एकदा जरी पुढे गेलं तर डिझाइन नापास.
४. डिझाइनमध्ये नसलेल्या माणसाला सूचना न देता टूल वापरायला द्या. तो जे चुकीचं करेल तीच तुमच्या पुढच्या व्हर्जनची यादी.

हवा भरून किंवा पाणी उकळून घरी प्रेशर चाचणी करू नका.

प्रत्यक्ष वापरताना, आणि इथे मोबाइल कामाला येतो

गाडी हीट झाली तर सुरक्षित जागी थांबवा, एसी बंद करा, इंजिन बंद करा. बोनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेटही उघडू नका. नंतर कमीत कमी अर्धा-पाऊण तास. इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरणं थांबतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं तापमान उलट वाढतं.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावला असेल तर कूलंटचं तापमान फोनवर दिसतं. ॲप गाडीला मोड ०१, पीआयडी ०५ विचारतं, गाडी एक बाइट पाठवते आणि त्यातून ४० वजा केले की सेल्सिअस तापमान मिळतं. म्हणजे १३० आलं तर ९० अंश. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केलं तरी हे वाचता येतं. मी ४५ अंशांच्या वर झाकणाला हात लावू नका असंच म्हणेन.

पण फक्त आकड्यावर विसंबू नका. कूलंट कमी झालं असेल तर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच नसतो आणि आकडा खोटा असू शकतो. म्हणून जाड फडक्याने वरचा रबरी पाइप दाबून बघा. कडक लागला तर आत प्रेशर आहे. मऊ, दबणारा आणि कोमट असेल तरच पुढे जा.

झाकण आणि पट्टा पुसा. बाजूला उभे राहा, चेहरा वळवा. पट्टा आवळा, हँडल हळू ओढा. पहिला थांबा आला की टूल बाजूला. आवाज थांबला, आणखी एक मिनिट गेलं, मग जाड कोरडं फडकं ठेवून, दाबून, फिरवून झाकण काढा.

नेहमी पडणारे प्रश्न

वॉटर पंप प्लायर वापरला तर?
थंड इंजिनवर झाकण निघेल, पण कड चेपेल. चेपलेलं झाकण नीट बसत नाही आणि मग गाडी वारंवार हीट होते.

ओलं फडकं घेतलं तर हात भाजणार नाही ना?
भाजेल. ओलं फडकं उष्णता पटकन आत नेतं आणि उकळतं पाणी त्यात मुरलं की हाताला चिकटून राहतं.

वरून थंड पाणी ओतून लवकर थंड करता येईल का?
नको. तापलेल्या धातूवर एकदम थंड पाणी पडलं तर भाग तडकू शकतो.

बाइकलाही हेच लागू आहे का?
लिक्विड-कूल्ड बाइकच्या रेडिएटरचं झाकण लहान असतं, तत्त्व तेच. काही बाइक्समध्ये झाकण फिरू नये म्हणून छोटा स्क्रू असतो, तो आधी काढावा लागतो.

प्रत्येक वेळी टूल लागतंय, काय करू?
झाकण बदला. रेडिएटर किंवा इंजिनच्या खर्चापुढे झाकण फारच स्वस्त आहे. फक्त नवीन झाकणावरचा आकडा जुन्याइतकाच हवा. ०.९ च्या जागी १.१ लावणं म्हणजे अपग्रेड नाही, पाइपांवर जादा ताण आहे.

भाजलंच तर?
वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. चेहरा, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करा.

शेवटी

हे टूल बनवलंत तर हँडलवर एक ओळ ठळक कोरा: "इंजिन थंड आहे का?" टूल हातात घेणाऱ्याला ती झाकणाला हात लावायच्या आधी दिसली पाहिजे. घाटात गाडी उभी असताना अर्धा तास खूप मोठा वाटतो. तेवढा वेळ टपरीवर चहा घ्या, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगा. झाकण कुठे पळून जात नाही.